मिस्त्रीचे हात

रतनच्या हाताला खाज सुटली ती संक्रांतीच्या आधी, आणि आठ दिवस त्यानं ती कुणाला सांगितली नाही. गवंड्याच्या हाताला खाज सुटली तर सांगण्यासारखं त्यात काय आहे? सिमेंटात हात फुटतातच. संध्याकाळी खोबरेल चोळायचं आणि सकाळी पुन्हा थापी धरायची, एवढंच त्याचं बारा वर्षांचं औषधपाणी होतं.

वारज्याला हायवेच्या कडेला सात मजल्यांच्या चार इमारती उठत होत्या. हिंजवडीत कंप्युटरपुढं बसणाऱ्या लोकांनी तिथले फ्लॅट कागदावर असतानाच घेऊन टाकले होते. पाडव्याला ताबा देतो असा बिल्डरनं शब्द दिला होता. शब्द बिल्डरचा आणि पाठ गवंड्यांची. त्यातही रतनची जास्त, कारण रतन छताचा मिस्त्री. भिंतीचा गिलावा कुणीही करतो. पण छताला सिमेंट-वाळूचा माल थापून तो खाली न पडू देता आरशासारखा सपाट करणं त्या साईटवरच्या चाळीस मिस्त्र्यांत तिघांनाच येत होतं, आणि बाकीचे दोघं रतनकडं बघून शिकलेले होते. मुकादम जयसिंग नव्या माणसाला सांगायचा, "रतनचं छत बघायचं तर खाली झोपून बघ. उभ्यानं कळायचं न्हाई."

पण छताचा माल करणाऱ्याच्याच अंगावर पडतो. मनगटावरून कोपराकडं ओघळतो, मानेवर पडतो, कॉलरच्या आत जाऊन सुकतो. माल ज्या वाटेनं उतरायचा त्या सगळ्या वाटेवर संक्रांतीनंतर लाल पुरळ उठलं. पुरळाचं पाणी झालं, पाण्याची खपली झाली आणि खपलीखाली भेगा पडल्या. मूठ वळली की भेगा उघडायच्या. एक दिवस गिलावा घासायचा रंधा खाली ठेवला तर लाकडी मुठीला रक्त लागलेलं होतं. त्यानं ते मालानंच पुसून टाकलं.

नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं काउंटरपलीकडूनच मान लांब करून बघितलं, "नायटाय," म्हणाला आणि एक ट्यूब पुढं सरकवली. चौथ्या दिवशी हात असे काही निवळले की जयानं, रतनच्या बायकोनं, मेडिकलवाल्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. ट्यूब संपली आणि आठवड्यात सगळं दुपटीनं परत आलं. मग दुसरी ट्यूब. मग तिसरी. तिसऱ्या ट्यूबनंतर मनगटावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, आतली शीर दिसायला लागली.

साईटवर मांडवाखाली पाण्याचा माठ असायचा आणि त्यावर स्टीलचे तीन गिलास. एक दिवस दुपारच्या सुट्टीत रतन पाणी प्यायला गेला तेव्हा माठाच्या मागं चौथा गिलास वेगळा ठेवलेला दिसला. त्याच्या बुडाला ऑइलपेंटचा लाल ठिपका होता.

"ह्यो कुनाचा?" त्यानं विचारलं.

सगळे भाकरीत तोंड घालून बसले. शेवटी संजय बोलला. संजय त्याच्याच गावचा, परभणीकडचा, त्याच्याच वस्तीतला. थापी कशी धरायची हे रतननं त्याचं मनगट धरून शिकवलं होतं.

"दादा, तुमचाच हाय. राग नका मानू. लेकरंबाळं हायेत समद्यांची."

"ठिपका कुनी दिला?"

"मीच देलाय," संजय म्हणाला आणि खाली बघत राहिला.

रतनच्या आज्याचा चहाचा कप गावातल्या हॉटेलाच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा. कान तुटलेला, स्वतः विसळून स्वतःच परत ठेवायचा. आज्यानं छप्पन सालच्या दीक्षेनंतर तो कप दगडावर फोडला आणि पुन्हा हॉटेलाची पायरी चढला नाही. बाप म्हणायचा, "शहरात जा. तिथं गिलासाला जात नसती." बापाचं खरंच होतं. बारा वर्षं रतन पुण्यात कुणाच्याही गिलासानं पाणी प्याला होता. आणि आता माणूस एवढ्या लांब आला तर कप त्याच्या आधीच येऊन बसलेला. तोही आपल्याच माणसानं मांडलेला. त्या दिवशी रतननं नळाला ओंजळ लावली आणि लाल ठिपक्याच्या गिलासाला हात लावला नाही.

जयसिंग त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, मला काय खाजबिज कळत न्हाई. माझी अजून चोवीस छतं बाकी हायेत. पर रविवारी फ्लॅटवाली लोकं बघायला येत्यात. त्यांनी हे हात बघितलं तर बोंब होईल. पाडव्यापत्तोर झाकून ठेव."

मग जयानं बाह्या शिवल्या. रतनच्या जुन्या पँटचं जाड कापड, मनगटाला नाडी, कोपराला नाडी. जया कर्वेनगरात चार घरी पोळ्या करायची. दुपारी दोनला घरी येऊन तिनं दोन दिवसांत तीन जोड शिवले, म्हणजे एक धुता येईल, एक वाळेल आणि एक अंगावर राहील. शिवताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, की ह्याच्या हाताला आता सिमेंट लागणार नाही. घरातही तिनं त्याचा टॉवेल वेगळा केला होता, ताट वेगळं केलं होतं, आठवीतल्या चैतालीला सांगितलं होतं की पप्पांच्या साबणाला हात लावू नको. प्रत्येक वेळी ताट वेगळं वाढताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण ती वाढायची.

बाह्या घातल्यावर हात दिसेनासे झाले आणि आग मात्र वाढली. दहा दिवसांत बोटं एवढी सुजली की रतनला सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. चैताली लावून द्यायची. पोरगी मान वळवून बटणं लावायची, आणि ती मान का वळवते हे त्याला कळायचं.

"चामडीच्या डागदरला दाखवा," जया म्हणाली. "मी जाते त्या रोडला पाटी हाय. स्किन लिहिलेलं हाय."

रतन आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या पाटीखाली गेला. आत गारवा होता आणि भिंतीवर गोऱ्या बायकांची तोंडं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली.

"अपॉइंटमेंट आहे?"

"न्हाई. हात दाखवायचेत."

"इथे पिंपल्स, केस गळणं आणि लेझरचं बघतात. काका, त्या सोफ्यावर नका बसू, पांढरा आहे."

"मी उभाच हाय," रतन म्हणाला. तो खरंच उभा होता.

"मॅडमची पुढची वेळ सतरा तारखेची आहे. नाव लिहू?"

त्यानं नाव लिहू दिलं आणि बाहेर आला. सतरा तारखेला बारा दिवस होते. बाहेर उन्हात त्याला बरं वाटलं, हे त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं.

जया जिथं पोळ्या करायची त्यांतल्या एका घरातली उत्कर्षा, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. जयानं तिला सांगितलं. पोरगी मनानं चांगली. तिनं ऑफिसातून नेटवरचे कागद छापून आणले. कातडीचे नेहमीचे रोग, त्यांची चित्रं, खाली इंग्रजीत माहिती. "मावशी, ह्यातलं कुठलं दिसतंय ते बघा, म्हणजे कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते शोधता येईल," ती म्हणाली.

रविवारी दुपारी घरात तो बाजार मांडला. जमिनीवर नऊ कागद, त्यांच्या शेजारी रतनचा हात, आणि चैताली डिक्शनरी घेऊन बसलेली. प्रत्येक चित्रातला हात रतनला आपलाच वाटत होता.

"ह्यो गजकर्ण," जया म्हणाली. "गोल गोल हाय."

"मम्मी, पप्पांचं गोल नाही."

"मग ह्यो बघ. खवलं खवलं."

चैतालीनं शब्द शोधला. "सोरायसिस. हे कोपरावर आणि डोक्यात येतं म्हणे. पप्पा, डोक्यात आहे का?"

रतनचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. सातव्या कागदावर एक फिकट चट्टा होता आणि बोटं आखडलेली होती. त्याच्या खालचं इंग्रजी त्यानं चैतालीला विचारलं नाही; महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. मायलेकी पाणी भरायला गेल्या तेव्हा त्यानं जयाच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि मनगटावर, बोटांवर, चट्ट्याच्या मधोमध टोचून बघितली. प्रत्येक ठिकाणी दुखलं. दुखलं म्हणून इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. सुई परत डब्यात ठेवताना त्याचे डोळे भरून आले.

उत्कर्षानंच शेवटी पत्ता शोधला. कसबा पेठेत एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या, फक्त चामडीचं बघणाऱ्या. नंबर लावायची भानगड नव्हती, येईल त्याला जिन्यावर बसावं लागायचं. खालच्या दुकानात तांब्याची भांडी ठोकायचा आवाज चालू असायचा. रतन आणि जया जिन्यावर दीड तास बसले. आत गेल्यावर रतननं हात थोडेसे पुढं करून दाखवले.

"अहो, लांबून काय दाखवताय? मी मुलगी बघायला बसलेली नाही," बाई म्हणाल्या. "ठेवा टेबलावर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातात घेतले. पालथे केले, उताणे केले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला. दोन महिन्यांत रतनच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. जयानं पदर तोंडाला लावला.

"काम काय करता?"

"छताचा मिस्त्री हाय. गिलावा."

"कुठली मलमं लावली?"

रतननं पिशवीतून तीन रिकाम्या ट्यूबा काढल्या. बाईंनी त्या एका बोटानं बाजूला सारल्या. "ह्यानं बरं होत नाही, नुसतं दबतं. कातडी पातळ झाली ती ह्यानंच. आणि हे पिशवीत काय आहे?"

"बाह्या हायेत," जया पुढं झाली. तिला वाटलं, निदान हे एक तरी आपण बरोबर केलं. "मी शिवल्या. सिमेट लागू नये म्हनून."

बाईंनी बाही उलटी केली. आतलं कापड कडक, करडं झालं होतं, नखानं खरवडलं तर भुकटी पडली. "ह्यात ओला माल झिरपतो आणि दिवसभर कातडीला पोटीस बांधल्यासारखा बसतो. उघड्या हातावरचा निदान धुतला तरी जातो."

बाई रागावल्या नव्हत्या, जे होतं ते बोलल्या. पण जयाचा चेहरा असा उतरला की रतन मध्येच म्हणाला, "तिनं चांगल्यासाठीच केलं, बाई."

"ते मला दिसतंय. टाका दिलाय तो सुद्धा चांगला आहे," बाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या, आणि जयाला त्यानं अजूनच रडू आलं.

बाईंनी रतनच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या दोन रांगा लावल्या. प्रत्येक पट्टीखाली वेगळं औषध. दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, काम नाही. मग पट्ट्या काढायच्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा दाखवायचं. "शरीराचं कशाशी भांडण आहे ते शरीरच सांगेल," त्या म्हणाल्या.

पाडवा पंधरा दिवसांवर आलेला आणि छताचा मिस्त्री पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली घाम न येऊ देता बसलेला. जया कामाला, चैताली शाळेत. पाठीला खाज सुटली की तो भिंतीकडं बघायचा. भिंत वाकडी होती. बारा वर्षं ह्या खोलीत राहून ती वाकडी आहे हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

चौथ्या दिवशी तो एकटाच कसब्यात गेला. जयाला सुट्टी मिळाली नाही. बाईंनी शर्ट वर करायला लावला आणि म्हणाल्या, "हे बघा, उगवलं." आरशात त्याला पाठीवर एक चौकोन दिसला, लालभडक, पाणी धरलेला. बाकीच्या जागा साफ होत्या.

"सिमेंटात क्रोमचा क्षार असतो. तुमच्या शरीरानं त्याच्याशी वैर धरलंय. कुणाकुणाचं दहा-बारा वर्षांनी असं होतं."

"किती दिवसांत जाईल?"

"हात महिन्या-दीड महिन्यात बरे होतील. वैर जाणार नाही. पुन्हा सिमेंटात हात घातला की पुन्हा हेच."

"औषध घेऊन, बाई?"

"औषध हेच. सिमेंट सोडायचं. दुसरं काम काय येतं?"

रतननं विचार केला. खालून तांब्यावर हातोडी पडत होती. "छत येतं," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "पर हे दुसऱ्याला लागतं का?"

"अजिबात नाही. मी हातात हात घेतलेले विसरलात?"

"मग तेवढं लिहून द्या. साईटवर दाखवायचंय."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं, कागद ओढला आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. खाली सही, शिक्का. रतननं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. उतरताना त्यानं ठरवून टाकलं, सिमेंट सोडायचं ते पाडव्यानंतर बघू, आधी गिलास. घरी त्यानं जयाला एवढंच सांगितलं, "लागन न्हाई म्हनल्या." जयानं तिथंच त्याचं ताट उचललं, आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्याच्या ताटातला घास उचलून खाल्ला. मग म्हणाली, "चैताली, वाच गं तो कागद."

"कशाला? उद्या साहेब वाचतील," रतन म्हणाला. बाई काय म्हणाल्या ते पोरगी आणखी खोदून विचारेल, आणि जयाला सगळं कळेल, ह्याची त्याला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यानं सगळ्यांना माठापाशी गोळा केलं. संजयला हाक मारून बोलावलं. जयसिंग तंबाखू मळत आला. साईट इंजिनियर सुदर्शन, पंचविशीतला पोरगा, नकाशाची गुंडाळी घेऊन चालला होता. रतननं त्यालाही थांबवलं. "साहेब, एवढं वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा."

सुदर्शननं वाचलं. "ह्यांचा त्वचारोग संसर्गजन्य नाही. म्हणजे एकापासून दुसऱ्याला होत नाही."

"परत वाचा, साहेब."

त्यानं परत वाचलं. संजयनं माठामागचा गिलास उचलला, थापीच्या टोकानं लाल ठिपका खरवडून काढला, गिलास माठात बुडवला आणि आधी स्वतः प्याला. उरलेलं पाणी त्यानं रतनपुढं धरलं. "दादा, चुकलं," तो म्हणाला. रतननं पाणी पिऊन टाकलं. कितीतरी दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. त्या क्षणी त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं राहिलेली सगळीच्या सगळी छतं एका दिवसात केली असती.

सुदर्शन अजून कागदाकडंच बघत होता. "मिस्त्री, खाली अजून एक ओळ आहे. सिमेंटची ॲलर्जी. ह्यापुढे सिमेंटशी संबंधित कोणतंही काम करू नये." त्यानं मान वर केली. "हे माहीत होतं तुम्हाला?"

रतनच्या हातात रिकामा गिलास होता. "पाडव्यापत्तोर करतो, साहेब. माझ्या जबाबदारीवर."

"कुठली जबाबदारी? उद्या काही झालं तर हाच कागद घेऊन तुम्ही उभे राहाल. मी नसता वाचला तर गोष्ट वेगळी होती. आता मी वाचलाय, चाळीस माणसांसमोर वाचलाय."

"मग दुसरं काम द्या. पानी मारतो. विटा देतो."

"साईटवर सिमेंट नाही असं काय आहे, मिस्त्री? फक्त माझं टेबल." सुदर्शन हे चिडून बोलला. त्यालाही ते बोलायचं नव्हतं.

जयसिंगनं मळलेला तंबाखू तसाच फेकून दिला. "आरं येड्या," तो म्हणाला, "तुला सांगितलं हुतं की, हात झाकून ठेव. तुला वाचून घ्यायला कुनी सांगितलं? गिलासात काय हुतं रं? माझ्या गिलासानं पानी पाजलं असतं तुला!" त्याचा आवाज फाटला. छतं त्याचीही अडली होती, पण तेवढंच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर रतनचं एक छत पाच दिवसांपासून अर्धं राहिलं होतं. ते संजयला दिलं. रतन खाली उभा राहून, हात पाठीमागं धरून सांगत होता, "दाब. आता सोड. डावीकडं फुगलंय, पाटा फिरव." संजयनं पाटा फिरवला, तरी फुगा राहिलाच. रतनचा हात दोनदा पुढं आला आणि त्यानं तो दोनदा मागं घेतला.

घरी जयानं विचारलं, "वाचलं का साहेबांनी?"

"वाचलं."

"समदं?"

"समदं," रतन म्हणाला, आणि मग त्यानं तिला सगळं सांगितलं. जयानं ऐकून घेतलं आणि उठून बाह्यांचे तिन्ही जोड चुलीत घातले.

पाडवा झाला, ताबे दिले गेले. रतन वॉचमनच्या जागेसाठी दोन ठिकाणी जाऊन आला. तिथं दहावी पास मागत होते. जयानं आणखी दोन घरं धरली. बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. खपल्या गळाल्या, भेगा मिटल्या, बारा वर्षांचे घट्टे जुन्या कातडीसकट सोलून निघाले आणि खालून गुलाबी, नवी कातडी आली. चैताली आता मान न वळवता बटणं लावायला यायची, पण ती त्याची त्यालाच लावता येत होती.

वैशाखातल्या एका सकाळी जया कामाला गेल्यावर त्यानं थापी आणि रंधा पिशवीत घातला आणि तो वारज्याच्या मजूर नाक्यावर जाऊन उभा राहिला. हात पुन्हा सडले तर सडू देत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. महिना-दोन महिने काम निघालं तरी पुरे. सात वाजता एक ठेकेदार टेम्पोतून उतरला.

"छताचा मिस्त्री कोन हाय?"

"मी हाय," रतन पुढं झाला. "बारा वर्षं छतंच केली."

नाक्यावर ठेकेदार माणसाला विचारत बसत नाहीत, हात बघतात. ठेकेदारानं त्याचा तळवा आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबून बघितला.

"मिस्त्री म्हनतो? हे तर शाळामास्तरचे हात हायेत," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

पुढच्याचे हात फुटलेले होते. त्याला त्यानं घेतलं. टेम्पो गेला, नाका हळूहळू रिकामा झाला, आणि नऊ वाजता ऊन अंगावर आलं तेव्हा रतन पिशवी खांद्याला लावून घरी निघाला.